बोळकांडीतलं निळं पिंप

डोंबिवली (पूर्व)
मंगळवार, ४ फेब्रुवारी १९९७

प्रिय नंदा,

घरात फोन असताना नानांनी पत्र का लिहिलं, म्हणून तू हे पाकीट उलटसुलट करून बघशील. बघच, माझीच मुलगी आहेस. फोन हॉलमध्ये तुझ्या आईच्या खुर्चीशेजारी आहे आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर जाता कामा नये, एवढंच आत्ता सांगतो. मी सोसायटीला पाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिहितोय असं तिला वाटतंय. निदान वाटत असावं. तिला काय वाटतं याबद्दल छातीठोक बोलणं मी कालपासून सोडून दिलं आहे.

रविवारी संध्याकाळी तू फोनवर जे बोललीस ते मी निमूट ऐकून घेतलं. शनिवारी गाडी घेऊन येते, आईला ठाण्याला नेते, तुमच्या त्या चौकशीच्या कचेरीत ती कधी माणसात यायची नाही, असं म्हणालीस. मी “बरं” म्हणून फोन ठेवला. मग मला भीती वाटली. म्हाताऱ्या माणसाला वाटते तशी साधी भीती. ती ठाण्याला गेली की तिथल्या खुर्चीत बसेल, तुम्ही दोघं तिचं सगळं कराल, आणि ती या घरात परत येणार नाही. मी इथे एकटा राहीन. शनिवारचं मी शेवटी लिहिणार आहे, तोपर्यंत धीर धर. आमच्या जावईबापूंनी, कान्हारावांनी, त्यांच्या बाजूची हकिगत तुला सांगितली असेलच, पण तू ठाण्याच्या कोर्टात नोकरी करतेस. एकाच बाजूचं ऐकून निकाल देत नाहीत हे मी तुला शिकवायला नको. माझी जबानी सुरुवातीपासून घे.

मागच्या वर्षी संक्रांत झाली आणि तुझ्या आईला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पावसाळा संपेपर्यंत हात थोडा हलायला लागला, एखाददुसरा शब्द फुटायला लागला. पायांचं म्हणशील तर ठाण्याच्या त्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या होत्या, की पायांत ताकद आली आहे, आता त्यांच्या मनात यायला हवं. ते काही येईना. मी धरून उठवलं की उठायची, सोडलं की बसायची. त्याच बाईंच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत लाल-पिवळे मासे होते, आणि तुझी आई मान पुढे काढून त्यांच्याकडे बघत होती, हे कान्हारावांनी पाहिलं. मला दिसलं नाही, मी केसपेपर सांभाळत होतो. गणपती गेले आणि एका रविवारी जावईबापू टेम्पोतून ही भली मोठी टाकी घेऊन दारात हजर. बरोबर निळं पिंप, नळ्या, ट्यूबलाइट, मिठाची पाकिटं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, “आईंसाठी. आपण समुद्रातले ठेवू. गोड्या पाण्यातल्या माशांना रंग असतो, यांना स्वभाव असतो.”

माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की एवढी हौस आहे तर हा माणूस टाकी स्वतःच्या घरात का ठेवत नाही. तू चिडू नकोस. माझी सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. माजिवड्याच्या बाजूला उन्हातान्हात उभं राहून ट्रकच्या ताडपत्र्या उचलल्या. वर भेंडीच्या करंड्या दिसल्या की खाली काय आहे ते हात घालून बघायचं, त्याचीच भाकरी खाल्ली. त्यामुळे कुणी आपण होऊन चांगली वस्तू दारात आणून ठेवली की मी आधी ताडपत्री शोधतो. तुझ्या लग्नाच्या वेळी चेंदणीच्या कोळीवाड्यात जाऊन मी तुझ्या सासरची चौकशी केली होती, आणि सगळे चांगलंच बोलले म्हणून मला जास्तच संशय आला होता. हे तुझी आई सगळ्यांना हसून सांगायची, तेव्हा ती बोलत होती.

मी त्यांना म्हटलं, तुमच्या दारात खाडी आहे, चार कॅन भरून आणा, झालं काम. ते हसले. “नाना, माझे आजोबा त्या खाडीत जाळं टाकायचे. आता तिथलं पाणी मी माशाला देणार नाही.” नळाचंही चालत नाही म्हणे. त्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरीन असतं, पाइपातला गंज असतो, आणि डोळ्यांना न दिसणारं काय काय असतं. आधी पाण्यातून ते सगळं काढून टाकायचं, पाणी अगदी कोरं करायचं, आणि मग त्यात मोजून समुद्राचं मीठ घालायचं. म्हणजे आधी अंगावरचे कपडे उतरवायचे आणि मग दुसरे चढवायचे. त्यांच्या मानपाड्याच्या कंपनीत प्रयोगशाळेसाठी असं पाणी करतात, तीच सोय त्यांनी आपल्या बाथरूमबाहेरच्या बोळकांडीत लहान प्रमाणावर केली. नळाला एक जाड उभी नळी, तिच्यात साबुदाण्यासारखे पिवळसर मणी. पाणी त्या मण्यांतून झिरपत झिरपत पिंपात पडतं. पिंप नवं, खाण्याच्या वस्तू ठेवायच्या जातीचं. केमिकलची जुनी पिंपं मानपाडा रोडला ढिगाने मिळतात, पण त्यांना हात लावायचा नाही म्हणाले. खाली तोटी प्लास्टिकची, पितळेची नाही. धातूचं काहीही नको. ऊन लागू द्यायचं नाही, शेवाळ धरतं. झाकण सदा लावलेलं. पाणी काढायचं ते तोटीतून, वरून हात घालायचा नाही, भांडं बुडवायचं नाही. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज या पिंपातलं कोरं पाणी टाकीत घालायचं. हे सगळं त्यांनी मला बोळकांडीत उभं करून म्हणून दाखवायला लावलं. मी पास झालो. तुझी आई तेव्हा हॉलमध्ये बसली होती आणि ती काही ऐकत असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या दिवसापासून ती टाकीसमोरच. टाकीत एक फूल होतं. फूल कसलं, प्राणीच तो, झुलत्या बोटांचा. त्यात ते दोन नारिंगी-पांढरे मासे बिऱ्हाड करून राहिले. दगडाखाली लाल पट्ट्यांची कोळंबी. एका सकाळी कोळंबीने जुनी कात टाकली, तेव्हा तुझ्या आईने मला डाव्या हाताने जवळ बोलावलं आणि बोट करून ती दाखवली. झटक्यानंतर तिने मला आपण होऊन काही दाखवलं ते पहिल्यांदाच. तेव्हापासून मी मनातून त्या माशांचा नोकर झालो. कान्हारावांना मात्र कळू दिलं नाही, उगाच डोक्यावर बसायला नकोत.

डिसेंबरात नवा आणलेला एक निळा मासा मेला. कान्हाराव म्हणाले, प्रवासात दमला असेल, होतं असं. मग कोळंबी गेली. त्यांनी दुसरी आणली, ती आठवडाभरही टिकली नाही. फूल आक्रसत चाललं, त्याची बोटं आत गेली ती बाहेर येईनात. तुझी आई त्या दिवसांत ताट समोर ठेवलं तरी टाकीकडेच बघत बसायची. मी घास भरवायला गेलो की तोंड फिरवायची. हळूहळू आलेलं सगळं परत चाललं होतं, आणि मी रोज नेमाने पाणी घालत होतो.

संशय घ्यायला माणसं फार नव्हती, पण होती तेवढ्यांवर घेतला. शेजारचे तानाजीराव. आपल्या बिल्डिंगला पाणी किती येतं तुला ठाऊक आहे, त्यात आमच्या नळीची ती झिरप चालू. सोसायटीच्या बैठकीत ते म्हणाले होते, “काही घरांत माणसांच्या आधी मासे अंघोळ करतात,” आणि माझ्याकडे मुद्दाम बघितलं नव्हतं. दुसरी शेवंती, आपली कामवाली. ती लादी पुसताना पिंपाशी वाकते. तिच्यावर माझा आधीच संशय होता, कारण देवघरातला तांब्याचा गडू नाहीसा झाला होता. हल्ली देवांचं मीच उरकतो, स्टीलच्या भांड्यातून. गडू नुसता कोपऱ्यात असायचा, आणि एक दिवस नव्हता. मी शेवंतीला आडून विचारलं. ती तोंडाची वकील आहे. म्हणाली, “नाना, माज्या घरात पानी प्यायला पिलाश्टिकचा जग हाय. तुमच्या देवाचा गडू नेऊन मी काय त्याची पूजा घालू?” माझं समाधान झालं नाही, पण ते प्रकरण मी वेगळं ठेवलं. गडवाची चोरी निराळी, माशांचं मरण निराळं. एका ट्रकचा माल दुसऱ्या ट्रकच्या पावतीवर धरायचा नाही, ही नाक्यावरची शिस्त अंगात मुरलेली. शिस्त कधी कधी माणसाला गाढव बनवते, पण ते पुढे.

जानेवारीत कान्हाराव बाटल्यांतून पाणी तपासायला घेऊन गेले. नळाचं, मण्यांतून नुकतं आलेलं, पिंपाच्या तोटीचं आणि टाकीचं. मग त्यांचा फोन आला, की पाण्यात तांबं आहे. नळाच्या पाण्यात नसल्यातच जमा, मण्यांखाली मुळीच नाही, पिंपात आहे आणि टाकीत आहे. माणसाला इतक्याने काही होत नाही, पण कोळंबीला आणि त्या फुलाला ते विष. आणि असं कोरं पाणी धातूला भुकेलेलं असतं म्हणाले, ज्याला लागेल त्याला चाटून खातं. शेवंती तिथेच लादी पुसत होती, म्हणून मी तोंडातून तांब्याचा त सुद्धा काढला नाही. नुसतं हूं हूं केलं आणि शेवटी पक्कं करायला मोठ्याने म्हटलं, म्हणजे रविवारी येऊन पिंप रिकामं करून बघणार, बरं. तू म्हणशील, यात काय एवढं? हेच तर सगळं आहे, ते लक्षात ठेव. त्या रविवारी आम्ही पिंप उलटं केलं. आत काही नव्हतं. गुळगुळीत तळ, एक ओरखडा नाही. कान्हाराव डोकं खाजवत बसले. माझी मात्र खात्री झाली की कुठेतरी पाणी मुरतंय. तांबं आपल्या पायांनी चालत पिंपात येत नाही, कुणीतरी ते घालतंय आणि कुणीतरी ते काढतंयही.

मग मी नाक्यावरचा उपाय केला. शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाला आम्ही सील लावायचो. पिंपाचं झाकण आणि काठ यांच्या सांध्यावर कागदाची पट्टी खळीने चिकटवली आणि वर आडवी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी मंडईतून परत आलो तर सही मधोमध फाटलेली. नवी पट्टी लावली, तीही फाटली. मंडईच्या वेळेला शेवंती काम आटपून गेलेली असते. लॅच मी ओढून जातो. आत राहते फक्त तुझी आई, आणि तिचा विचार करायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे बाहेरून कुणीतरी येतं. किल्ली माझ्या खिशात एक, आणि अडीअडचणीला म्हणून तुम्हाला दिलेली दुसरी. कान्हारावांची कंपनी मानपाड्याला, इथून हाकेच्या अंतरावर. स्वतः आणलेले मासे कोण मारील, असं मीही स्वतःला विचारलं, तर उत्तर तयार होतं. मासे मारायचे, म्हाताऱ्याला काही जमत नाही हे दाखवून द्यायचं, म्हातारीला ठाण्याला हलवायचं, आणि मग मागे राहिलेला म्हातारा असा किती दिवस एकटा राहील? शेवटी फ्लॅट रिकामा. बघ, एकदा मनात घेतलं की किती नीट जुळतं.

म्हणून परवाच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी त्यांना विचारलं. आवाज चढवला नाही. नाक्यावर विचारायचो तसंच, की घराची किल्ली कुणाकुणाच्या हातात जाते. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तुझ्या आईला वाकून नमस्कार केला. दारात म्हणाले, “नाना, मी पाणी तपासतो. माणसं तपासायचं मला येत नाही.” तू पाठोपाठ निघालीस, चपला हातात घेऊन. तुझ्या आईने टाकीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती रागावली आहे. ती घाबरली होती, हे आता कळतंय.

काल सोमवार. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे, तेव्हा सील शाबूत राहिलं तर जावईच चोर, असा हिशेब करून मी नवी पट्टी लावली, पिशवी घेतली, नेहमीसारखं तिला सांगितलं आणि लॅच ओढलं. पण मंडईला गेलो नाही. तानाजीरावांची बेल वाजवली आणि म्हटलं, मला जरा तुमच्या गॅलरीत उभं राहायचं आहे, कारण विचारू नका. त्यांच्या गॅलरीतून आपल्या हॉलची खिडकी दिसते आणि बोळकांडीतलं पिंप तिरकं दिसतं. त्या माणसाने खरंच कारण विचारलं नाही, उलट आपली खुर्ची आणून दिली. मी बसलो नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग तुझी आई खुर्चीत पुढे सरकली. मला वाटलं पडते. तिने डावा हात खुर्चीच्या दांडीवर रोवला आणि ती उठली. नंदा, ती आपली आपण उठली. उजवा पाय ओढत, शोकेसला धरून, मग फ्रिजला, मग भिंतीला, अशी ती बोळकांडीत पोचली. मला ओरडायचं होतं की थांब, पण ओरडलो असतो तर ती दचकून पडली असती. तिने माझी पट्टी नखाने फाडली, झाकण सरकवलं, काठाशी अडकवलेला एक दोरा ओढला आणि त्याच्या टोकाला तांब्याचा गडू वर आला. तो पोटाशी धरून ती स्वयंपाकघरात गेली. तिथलं मला दिसत नव्हतं, नुसता नळाचा आवाज आला. परत आली तेव्हा गडू लखलखीत होता. चिंचेने घासून आणला होता, एका हाताने. मग तो दोऱ्याने हलकेच आत सोडला, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून जराशी उभी राहिली, लहानपणी तुझ्या अंगावर पांघरूण घालून उभी राहायची तशी. माझ्या मागून तानाजीराव पुटपुटले, “नाना, वहिनी चालतायत.” मी म्हटलं, गप बसा.

तुझ्या आजोळी, रोह्याकडे, नवा रांजण भरला की पहिल्यांदा त्यात तांब्याचं काहीतरी सोडतात. एखादी पळी, जुना पैसा. तांबं लागलं की पाणी कुणाला बाधत नाही, हे तिथे सांगावंही लागत नाही. आपण डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा चाळीच्या नव्या सिमेंटच्या टाकीत तिने सगळ्यांदेखत तांब्याचा पैसा टाकला होता आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पिंपात धातू नको हे तिने ऐकलं असेलही, पण तिच्या लेखी तांबं हा काही धातू नव्हे. निळा मासा मेला तेव्हा तिला वाटलं, पाणी बाधलं. जावयाने पाण्यातलं सगळं काढून टाकलं, चांगलं तेही काही मागे ठेवलं नाही, मग बाधणारच. म्हणून तिने आपल्याजवळचं उत्तम ते त्यात घातलं. कोळंबी मेली तशी ती गडू रोज घासायला लागली, आणि जितका तो लखलखीत तितकं ते भुकेलं पाणी त्याला अधिक खात गेलं. मी फोनवर रविवारचं मोठ्याने म्हटलं ते ऐकून तिने गडू आधीच काढून लपवला. आम्ही पिंप उलटं करत होतो तेव्हा तो बहुधा तिच्या उशीखाली होता. काखेत कळसा म्हणतात तो हा. आणि चोरीच्या प्रकरणाला माशांच्या प्रकरणाशी न जोडणारा मी, त्या नाक्यावर इतकी वर्षं काय केलं कोण जाणे.

आता मनातलं खरं सांगतो. पहिल्यांदा मला आनंद झाला नाही, राग आला. वर्षभर मी तिला उठवतोय, बसवतोय, वाकडीतिकडी का होईना वेणी घालतोय. माझ्यासाठी तिने एक पाऊल टाकलं नाही, आणि एका कोळंबीसाठी बोळकांडी गाठली. त्या गॅलरीत उभ्या उभ्या मला कोळंबीचा मत्सर वाटला. मग हळूहळू उमगलं. मी तिचं सगळं करत होतो, तेव्हा तिला कुणाचं काही करायला उरलंच नव्हतं. हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी केसपेपर सांभाळत असेन. मी डोळे पुसून घरी गेलो. तिने माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. मी म्हटलं, मंडई बंद होती. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “सोमवारी?” एकच शब्द, पण काय सूर होता. नाक्यावर मी असा प्रश्न विचारला असता तर ड्रायव्हरने ट्रक तिथेच सोडला असता.

तेव्हा आता पेच असा आहे. तिला सांगावं की त्या कोळंब्या तुझ्या गडवाने मेल्या, तर ती परत त्या खुर्चीतून उठणार नाही, याची मला खात्री आहे. न सांगावं तर उरलेले दोन मासे आणि ते आक्रसलेलं फूल जातील, आणि ते गेले की ती उठेल कशासाठी? रात्री पडल्या पडल्या मला वाट सुचली. कान्हारावांना सांग, मला दुसरं पिंप हवं आहे. ते गॅलरीत जुन्या गादीच्या आडोशाला ठेवायचं, वर गोणपाट टाकून, आणि मण्यांची दुसरी नळी तिथल्या नळाला लावायची. खरं पाणी तिथे साठेल. बोळकांडीतलं पिंप तिचं, तिच्या गडवासकट. मी तिच्यादेखत त्याच तोटीतून बादली भरीन, बाथरूममध्ये ओतून टाकीन, आणि टाकीत घालीन ती गॅलरीतली. म्हणजे वर भेंडी आणि खाली भलताच माल. ज्या युक्त्या पकडण्यात नोकरी गेली त्या आता घरात कराव्या लागणार, पण करीन. टाकीत आधीच उतरलेलं तांबं कसं काढायचं ते कान्हारावांना माहीत असेल. त्यांची क्षमा मी समोर बसून मागणार आहे, पत्रातून मागणं ही पळवाट होईल. त्यांची किल्ली पुसून ठेवली आहे, ती त्यांनी परत घ्यावी. शेवंतीला मी आज सकाळी सांगितलं की गडू सापडला. “कुठं?” म्हणाली. मी म्हटलं, देवालाच ठाऊक. आता ती माझ्यावर संशय घेतेय, आणि तिचं बरोबर आहे.

आता शनिवारचं, ज्यासाठी हे पत्र. मी तुला येऊ नको म्हणत नाही. गाडीही आण, फक्त ती खाली उभी राहू दे आणि तुम्ही दोघं वर या. तिला मी काही सांगितलेलं नाही, तूही फोनवर काही बोलू नकोस. तुमच्या यायच्या वेळेला मी बाथरूममध्ये असेन, नळ सोडून, दाराला कान लावून. बेल वाजवा. मी येणार नाही. परत परत वाजवू नका आणि मला हाका मारू नका. तुझा आवाज तेवढा एकदा तिला ऐकू दे, की आई, मी आलेय. ती उठली नाही तर मी बाहेर येऊन दार उघडीन. तिची बॅग भरून ठेवली आहे, तिला घेऊन जा, मी एका शब्दाने अडवणार नाही. पण ती उठली, तर खुर्चीपासून दारापर्यंत यायला तिला वेळ लागेल, शोकेसपाशी थांबावं लागेल, लॅच डाव्या हाताने फिरवावं लागेल. तेव्हा जिन्यात कितीही वेळ गेला, शेजारी बघायला लागले, कान्हाराव चुळबुळले, तरी दोघं तिथेच थांबा. दार उघडायला उशीर होईल.

तुझाच,
नाना